दिओची चकमक आणि चित्राखालची ओळ

११ मे १८८० रोजी, आजच्या माली देशातील बेलेदुगू प्रदेशात, दिओ नावाच्या गावाजवळ फ्रेंच कप्तान जोसेफ गालिएनी याच्या तांड्यावर बंबारा या तिथल्या लोकसमूहाच्या लढवय्यांनी हल्ला केला. तांड्यातील बारा-पंधरा माणसे मारली गेली, सामान बहुतेक लुटले गेले आणि उरलेली मंडळी कशीबशी नायजर नदीकाठी पोहोचली. १८८५ मध्ये पॅरिसच्या आशेत या प्रकाशनसंस्थेने गालिएनीचे प्रवासवर्णन ग्रंथरूपाने काढले. त्यातील शंभराहून अधिक चित्रे एद्वार रियू या चित्रकाराने लाकडी ठशांसाठी रेखाटलेली आहेत आणि त्यांत दिओच्या चकमकीचेही चित्र आहे. तो ग्रंथ आज फारसा कोणी उघडत नाही. ही चित्रे मात्र ग्रंथापासून सुटून स्वतंत्रपणे फिरत आहेत. पाठ्यपुस्तकांत, संकेतस्थळांवर, छायाचित्रे विकणाऱ्या संस्थांच्या सूचींत ती ‘बंबारा योद्धे, एकोणिसावे शतक’ अशा एखाद्या ओळीखाली दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की त्या लोकांचे युद्ध असेच दिसत असेल.

माझे म्हणणे असे आहे की या चित्रांचा असा वापर थांबला पाहिजे; चित्रे मात्र थांबवू नयेत. ती कोणी पाहिली, कोणी काढली, पाहणारा त्या वेळी कोणत्या सैन्याच्या बाजूला उभा होता आणि लढाई कशासाठी झाली, एवढे सांगितल्याशिवाय ती छापणे म्हणजे ज्यांचे चित्र आहे त्यांच्यावर आणि वाचकावर एकाच वेळी अन्याय करणे आहे. त्याचबरोबर, ‘हे वसाहतवादी दृष्टीचे चित्र आहे’ एवढाच शेरा मारून सुटण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, तीही मला पुरेशी वाटत नाही. बंबारा युद्धांच्या बाबतीत तो शेरा अर्धवट आहे आणि काही वेळा तर दिशाभूल करणारा आहे.

दिओचेच उदाहरण पुढे नेऊ. चित्र पाहणाऱ्याला दिसतो तो हल्ला. हल्ल्याचे कारण चित्रात येऊ शकत नाही. गालिएनीचा तांडा नायजरकाठच्या सेगू शहरी, तिथला सत्ताधीश सुलतान अहमदू याच्याकडे निघाला होता. त्याच्या गाढवांवर अहमदूला देण्यासाठी आणलेल्या भेटवस्तू लादलेल्या होत्या आणि अहमदूशी तह करणे हा मोहिमेचा उद्देश होता. हा अहमदू म्हणजे अल्-हाज उमर ताल याचा मुलगा. उमरने १८५५ मध्ये कार्ताच्या बंबारा राज्याची न्योरो ही राजधानी घेतली आणि मार्च १८६१ मध्ये सेगूचे बंबारा राज्य बुडवले. बेलेदुगूच्या बंबारांनी ही तुकुलर सत्ता, म्हणजे सेनेगलकडून आलेल्या उमरच्या मुस्लिम लोकांची सत्ता, कधी मानली नाही. जवळजवळ वीस वर्षे ते तिच्याशी झगडत होते. आपल्या मुलखातून आपल्या शत्रूसाठी नजराणे घेऊन जाणारा सशस्त्र तांडा त्यांनी अडवला, ही गोष्ट युद्धशास्त्राच्या कोणत्याही नियमाने समजण्यासारखी आहे. गालिएनीला पुढे अहमदूने सेगूजवळच्या नांगो या गावी सुमारे दहा महिने अडकवून ठेवले, म्हणजे ज्याच्यासाठी नजराणे चालले होते त्यानेही या पाहुण्यावर विश्वास ठेवला नाही. हे सर्व ग्रंथाच्या मजकुरात सापडते. मजकुरापासून चित्र तोडले की दिओचे लोक केवळ झाडीतून धावून येणारी एक टोळी होऊन राहतात, आणि एका परागंदा न झालेल्या, हिशेबी शत्रुत्व सांभाळणाऱ्या समाजाचे राजकारण पुसले जाते.

ही चित्रे तयार कशी होत, हे वाचकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. फ्रान्समध्ये एद्वार शार्तों याने १८६० मध्ये ‘ल तूर द्यु मोंद’ हे सचित्र प्रवासवर्णनांचे साप्ताहिक सुरू केले, आणि आशेत हीच त्याची प्रकाशनसंस्था होती. प्रवासी आपली वही, कच्ची रेखाटने आणि क्वचित छायाचित्रे घेऊन परतत असे. पॅरिसमधील चित्रकार त्यावरून पूर्ण दृश्य रचत असे. मग खोदकाम करणारा कारागीर बॉक्सवुडच्या कठीण ठोकळ्यावर, लाकडाच्या आडव्या छेदावर, ते कोरत असे. मोठ्या चित्रासाठी अनेक लहान ठोकळे एकत्र जोडावे लागत आणि घाईच्या वेळी त्यांची वाटणीही होत असे. म्हणून अशा चित्राच्या दोन कोपऱ्यांत बहुधा दोन सह्या असतात, एक चित्रकाराची आणि एक कोरणाऱ्याची. प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव तळाच्या ओळीत, ‘अमुक यांच्या रेखाटनावरून’ एवढ्यापुरते येते. चित्र कापून वापरताना सर्वांत आधी हीच ओळ कापली जाते.

या मधल्या चित्रकारांचे कसब थोर होते, हे मान्य करण्यात काही अडचण नाही. रियूने जूल व्हर्नच्या कादंबऱ्यांना चित्रे पुरवली होती. त्यांत आफ्रिकेवरून बलूनने केलेल्या एका कल्पित प्रवासाचीही चित्रे होती, आणि तीही गालिएनीच्या मोहिमेच्या खूप आधी. म्हणजे न पाहिलेली आफ्रिका उभी करण्याचा सराव त्याच्या हाताला कादंबरीतून झालेला होता. लढाईची रचना कशी करावी, धूर कोठे दाखवावा, पडलेला घोडा कोठे ठेवावा, याचे साचे युरोपीय युद्धचित्रांत पूर्वीपासून तयार होते. कच्च्या रेखाटनात जे नव्हते ते या साच्यांतून भरले जाणे अपरिहार्य होते. त्यात कोणाचा कट असण्याची गरज नव्हती. साप्ताहिकाचा अंक ठरल्या दिवशी निघायला हवा होता.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये, कारण याच साप्ताहिकातून आणि याच चित्रकारांच्या मंडळातून आपल्याकडचीही दृश्ये गेली आहेत. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात हिंदुस्थानात फिरला आणि बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारी दीर्घकाळ राहिला. त्याचा वृत्तांत १८७० नंतर ‘ल तूर द्यु मोंद’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाला. बडोद्याच्या साठमारीची आणि कुस्त्यांची त्यातील चित्रे आजही आपल्याकडे कौतुकाने पुन्हा पुन्हा छापली जातात. त्याच्या चित्रकारांपैकी एक एमिल बायार, आणि १८६८ मध्ये सेगूच्या प्रवासवर्णनासाठी चित्रे काढणाराही हाच बायार. फरक एवढाच की रूसलेने स्वतः छायाचित्रे घेतली होती, त्यामुळे पॅरिसमधल्या हाताला काहीसा आधार होता. सेगूहून आलेल्या माणसाजवळ केवळ रेखाटनांची वही होती. बडोद्याच्या चित्राबद्दल ‘हे कोणी पाहिले आणि कोणी रंगवले’ असा प्रश्न आपण विचारला तर तो आपल्याला रास्त वाटेल. तोच प्रश्न सेगूच्या चित्राबद्दल विचारणे तितकेच रास्त आहे.

सेगूहून आलेला तो माणूस म्हणजे नौदलातील लेफ्टनंट यूजेन माज. ‘वसाहतवादी दृष्टी’ हा शेरा अपुरा का पडतो, हे त्याच्या हकिकतीइतके स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही. सेनेगलचा गव्हर्नर फेदेर्ब याने १८६३ मध्ये माज आणि नौदलातील डॉक्टर कँतँ यांना अल्-हाज उमरच्या भेटीसाठी पाठवले. ते फेब्रुवारी १८६४ च्या अखेरीस सेगूला पोहोचले. त्याच महिन्यात तिकडे बांदियागाराच्या कड्यांमध्ये उमर मारला गेला होता, परंतु सेगूत ही बातमी उघडपणे मान्य केली जात नव्हती. अहमदूने या दोघांना जाऊ दिले नाही आणि त्यांचा मुक्काम दोन वर्षांहून अधिक लांबला. या काळात पदच्युत बंबारा घराण्याच्या आणि त्यांच्या पाठीराख्यांच्या उठावांनी सेगूच्या भोवतालचा मुलूख पेटलेला होता. माज अहमदूच्या फौजेबरोबर मोहिमांवर गेला. १८६५ मध्ये तोगूवरचा हल्ला त्याने पाहिला, उठाव केलेल्या सान्सान्दिंग शहराच्या लांबलेल्या आणि शेवटी फसलेल्या वेढ्यातही तो होता.

आता माज कोणाच्या नजरेने पाहत होता, हा प्रश्न विचारून पाहावा. तो फ्रेंच अधिकारी होता, पण फ्रेंच फौज तेथे नव्हती. तो पाहुणाही होता आणि ओलीसही होता. ज्या सैन्याच्या आश्रयाने तो उभा होता ते एका आफ्रिकी, मुस्लिम विजेत्याचे सैन्य होते, आणि ज्यांच्यावर चाल करून जात होते ते त्या विजेत्याने जिंकलेले पण न नमलेले बंबारा होते. बंबारांच्या गावाला असलेला मातीचा भक्कम तट, ज्याला तेथे ‘ताता’ म्हणतात आणि जो आपल्याकडच्या गढीच्या भिंतीसारखा असे, त्या तटाच्या बाहेरच्या बाजूला माज उभा होता. आतल्या माणसांची भीती, त्यांचा धान्यसाठा, त्यांच्यातील मतभेद त्याला दिसणे शक्य नव्हते. तट पडल्यानंतर जे कैदी समोर आणले गेले, त्यांची जी कत्तल झाली आणि बायकामुलांची जी वाटणी झाली, ती त्याने पाहिली आणि लिहिली. म्हणून त्याच्या ग्रंथात बंबारा माणूस जवळून दिसतो तो बहुधा पराभवानंतर. हे एका देशाने दुसऱ्या देशाकडे पाहणे नाही. वेढा घालणाऱ्या छावणीतून दिसलेले ते युद्ध आहे, आणि चित्राखालच्या ओळीत हेच लिहिले गेले पाहिजे. केवळ ‘युरोपीय दृष्टी’ असे म्हटले की अहमदूची छावणी अदृश्य होते आणि बंबारांनी आधी कोणाशी व का झगडा केला हेही अदृश्य होते.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. १८९० मध्ये कर्नल लुई आर्शिनार याने फ्रेंच फौजेनिशी अहमदूचे राज्य मोडायला सुरुवात केली. ६ एप्रिलला सेगू पडले. या मोहिमेत जुन्या वैरापोटी अनेक बंबारा फ्रेंचांच्या बाजूने होते, आणि सेगूच्या गादीवर आधी त्यांच्याच घराण्यातील मारी जारा याला बसवण्यात आले. काही आठवड्यांत कटाच्या आरोपावरून फ्रेंचांनी त्याला ठार केले. त्याच एप्रिलच्या अखेरीस वोसेबुगूच्या तटबंदीत बांजुगू जारा हा बंबारा सरदार अहमदूच्या बाजूने फ्रेंचांशी लढला आणि शरण जाण्याऐवजी त्याने दारूगोळ्याला आग लावून स्वतःला संपवले. त्या लढाईत तटाच्या बाहेर उभ्या असलेल्या फौजेतही बंबारा होते. फेदेर्बच्या काळात, १८५७ मध्ये उभारलेल्या सेनेगाली तिराय्योर, म्हणजे फ्रेंचांच्या आफ्रिकी पायदळाच्या, पलटणींत बंबारांची भरती इतकी मोठी होती की पुढे छावण्यांची बोली म्हणून त्यांचीच भाषा चालू लागली. सुरुवातीच्या भरतीत दास्यातून पैसे देऊन सोडवलेले अनेक जण होते. त्यामुळे अशा एखाद्या चित्रात फ्रेंच गणवेशातील आफ्रिकी शिपाई एका बाजूला आणि ‘बंबारा’ दुसऱ्या बाजूला दाखवलेले असतात, तेव्हा गणवेशातला माणूसही बंबारा असण्याची शक्यता मोठी असते. चित्राखालची एक ओळ ज्या सीमेवर उभी आहे ती सीमा प्रत्यक्षात माणसांच्या मधून जात होती.

‘बंबारा’ या एकाच नावाखाली सेगू, कार्ता आणि बेलेदुगू हे सारे मुलूख ओढले जातात, हीदेखील याच चुकीची दुसरी बाजू आहे. सेगूचे राज्य अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बितों कुलिबाली याने दास-सैनिकांच्या बळावर उभारले आणि पुढे ते जारा घराण्याकडे गेले. कार्तावर कुलिबालींच्याच दुसऱ्या, मासासी शाखेचे राज्य होते, आणि या दोघांत रक्तरंजित लढाया झाल्या. अशाच एका युद्धाचा उत्तम वृत्तांत आपल्याजवळ आहे, आणि गंमत नव्हे तर विचार करण्यासारखी बाब अशी की त्याला चित्र नाही. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी १७९६ मध्ये कार्तात होता तेव्हा सेगूचा राजा मान्सोंग आणि कार्ताचा राजा देसे यांच्यात युद्ध पेटले. सेगूच्या सीमेवरच्या गावातील गुरे उत्तरेकडच्या वाळवंटी भागातील मूर लोकांनी चोरून कार्ताच्या एका गावात विकली, परत मागितली तेव्हा मिळाली नाहीत, आणि मान्सोंगने त्याचे निमित्त केले. त्याने देसेकडे लोखंडी चपलांचा जोड पाठवला आणि निरोप दिला की पळता पळता या चपला झिजेपर्यंत तू बंबारांच्या बाणांपासून सुरक्षित राहणार नाहीस. देसेने सरदारांशी मसलत केली, आव्हान स्वीकारले आणि पुढे डोंगरातल्या मजबूत ठाण्याचा आश्रय घेतला. याच युद्धामुळे पार्कला वाट बदलावी लागली आणि तो उत्तरेकडे मूर सरदार अली याच्या कैदेत सापडला. जुलै १७९६ मध्ये तो सेगूसमोर नायजरच्या काठी पोहोचला, तेव्हा मान्सोंगने त्याला शहरात घेतले नाही. पाच हजार कवड्या देऊन वाटेला लावले.

पार्कच्या १७९९ च्या ग्रंथात जी थोडी दृश्यचित्रे आहेत ती अलीच्या तंबूची, बाफिंग नदीवरच्या पुलाची आणि कामालिया गावाची. लढाईचे चित्र त्यांत नाही, कारण लढाई त्याने पाहिली नव्हती, ऐकली होती. परंतु वाचून झाल्यावर बंबारा राजकारणाबद्दल जे कळते ते रियूच्या आणि बायारच्या प्रभावी चित्रांतून कळत नाही. दूत, अपमानाची भाषा, निमित्त आणि खरे कारण यांतील अंतर, सरदारांची मसलत, माघारीचा डाव, हे युद्धाचे अंग चित्रातून निसटते. त्यामुळे ज्या पुस्तकात बंबारा युद्धाचे चित्र छापायचे आहे त्यात लोखंडी चपलांचा तो निरोपही छापला जावा, असे मला मनापासून वाटते. विद्यार्थ्याच्या मनात बंबारा राजा बोलणारा आणि डाव रचणारा माणूस म्हणून प्रथम यावा, बंदूक उगारलेली आकृती म्हणून नंतर.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ही चित्रे इतकी सदोष असतील तर ती वापरूच नयेत. हे मला मान्य नाही, कारण चुकीच्या रचनेतही खरे तपशील शिल्लक राहतात. माजने तटबंदी, वस्त्रे, शस्त्रे यांची बारकाईने नोंद केली आहे आणि त्यातले बरेच चित्रात उतरले आहे. ज्या मातीच्या तटांतले बहुतेक पुढे पावसाने आणि युद्धाने नाहीसे झाले त्यांच्यासाठी हा दस्तऐवज टाकून देण्यासारखा नाही. शिवाय चित्रे बाजूला ठेवली तर त्यांची जागा रिकामी राहणार नाही. ती आणखी बेजबाबदार, आजच्या यंत्रांनी क्षणात बनवलेली दृश्ये घेतील, ज्यांच्यामागे कोणाची वहीसुद्धा नसेल.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. चित्राखाली एवढे लिहायला जागा कोठे आहे, आणि वाचणार कोण? जागेचा प्रश्न खोटा आहे, कारण दिओच्या चित्राखाली पुढील मजकूर सहज बसतो: ‘मे १८८०. अहमदूसाठी नजराणे नेणाऱ्या फ्रेंच तांड्यावर, अहमदूशी वैर असलेल्या बेलेदुगूच्या बंबारांचा हल्ला. तांडाप्रमुख गालिएनी याच्या वृत्तांतासाठी पॅरिसमध्ये रियूने काढलेले चित्र, १८८५.’ पाठ्यपुस्तकातील कोणत्याही नकाशाखाली यापेक्षा अधिक शब्द असतात. खरी अडचण आळसाची आहे, आणि काही ठिकाणी पैशाचीही. ही चित्रे स्वामित्वहक्काच्या बंधनातून कधीच मुक्त झालेली आहेत आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मूळ ग्रंथ फुकट वाचता येतात; तरीही कापलेली चित्रे विकणाऱ्यांकडून ती विकत घेतली जातात, आणि विकणाऱ्याला चित्र जितके मोघम तितके अधिक ठिकाणी खपवता येते.

म्हणून जबाबदारीचा पहिला वाटा मी ग्रंथालयांवर आणि डिजिटल संग्रहांवर टाकतो. चित्राची स्वतंत्र प्रत उपलब्ध करून देताना तिच्याबरोबर ते ज्या पानासमोर छापले होते ते पान जोडलेले असले पाहिजे, चित्रकार, कोरणारा आणि मूळ पाहणारा या तिघांची नावे वेगवेगळी नोंदली गेली पाहिजेत, आणि नोंदीत लढणाऱ्या दोन्ही बाजूंची नावे असली पाहिजेत. पॅरिसच्या याच राष्ट्रीय ग्रंथालयात, १८९० मध्ये आर्शिनारने सेगूहून उचलून नेलेला अहमदूच्या दरबाराचा अरबी हस्तलिखितांचा संग्रह आहे. त्याचे पाचशेहून अधिक खंड आहेत. एका छताखाली वेढा घालणाऱ्यांचे कागद आणि त्या वेढ्याची फ्रेंच चित्रे आहेत, तरी ती एकमेकांच्या नोंदीत भेटत नाहीत.

तरीही त्या कागदांत बंबारांची बाजू मिळेल असे समजू नये. ते कागद त्यांच्या विजेत्यांचे आहेत. ती बाजू मुख्यतः मालीतील जेली गायकांनी सांभाळलेल्या सेगूच्या आख्यानांत आहे. मान्सोंग आणि त्याचा मुलगा दा यांच्या मोहिमा, वेढे, फितुरी आणि दूतांचे संवाद यांनी ही आख्याने भरलेली आहेत. ती निःपक्षपाती नाहीत. ती राजांच्या आश्रयाने वाढली, जिंकणाऱ्याचा गौरव करतात आणि युद्धकैद्यांच्या विक्रीवर सेगूचे वैभव उभे होते ही गोष्ट त्यांत सहजपणे, फारशी खंत न करता येते. त्या कैद्यांपैकी अनेकांना सेनेगल नदीच्या वाटेने तिच्या मुखाशी असलेल्या सेंट-लुई या फ्रेंच ठाण्यापर्यंत आणि तेथून अटलांटिकपार अमेरिकेतील लुईझियानापर्यंत नेण्यात आले. आख्यानाचे हे पक्षपातीपण मला अडचणीचे वाटत नाही, फक्त तेही नोंदले जावे. कारण तटाच्या आतून बोलणारा असा दुसरा आवाज आपल्याजवळ नाही. ध्वनिमुद्रित आख्याने अस्तित्वात आहेत आणि त्यांतील काही लिप्यंतरासह प्रसिद्धही झालेली आहेत. सान्सान्दिंगच्या किंवा दिओच्या चित्राच्या नोंदीत अशा एका आख्यानाचा दुवा देणे हे आज तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे काम आहे, आणि ते मालीतील संशोधकांच्या हाती, त्यांच्या निवडीने व त्यांच्या शब्दांत व्हावे. आपल्याकडच्या मराठी नियतकालिकांनी आणि पाठ्यपुस्तकांच्या संपादकांनी तोपर्यंत एवढे तरी करावे की आफ्रिकेतील युद्धाचे जुने चित्र घेताना मूळ ग्रंथाचे पान उघडून पाहावे, आणि पान सापडले नाही तर ते चित्र छापू नये.